करवंटीचं घर, लवंगेचं टेबल : कुंडीतली परीची बाग

पसरट कुंडीत माती भरायची, बारीक पानांची दोन-चार रोपं लावायची आणि त्यांच्या सावलीत बोटभर उंचीचं घर, विहीर, कुंपण, बाकडं मांडायचं. झाली परीची बाग. इंग्लंड-अमेरिकेत ही हौस ‘फेअरी गार्डन’ या नावाने चालते. आपल्याकडच्या नर्सऱ्यांतही त्याचे तयार संच मिळतात. लाल टोपीचं मशरूम, निळ्या पंखांची परी, ससा. सगळं रेझिनचं आणि बहुतेक वेळा एकमेकांशी मापात न जुळणारं. ससा घराच्या दाराएवढा, मशरूम घरापेक्षा उंच. ते पैसे वाचवा. झाडाखाली पडलेल्या शेंगा, बिया, सालपटं आणि स्वयंपाकघरातली करवंटी यातून याहून कितीतरी देखणं काम घरी होतं. ज्यांनी लहानपणी दिवाळीत किल्ला केलाय, त्यांच्या हाताखालून माती, उतार आणि आळीव पेरून उगवलेलं शेत गेलेलंच आहे. फरक इतकाच की किल्ला सणापुरता असतो, आणि ही सजावट निदान एक मोसम टिकायला हवी.

खाली कोकणी वळणाचं एक घर आणि त्याच्या अंगणातल्या वस्तू कशा करायच्या ते क्रमाने सांगितलंय. घरावर जरा जास्त वेळ घालवलाय, कारण ते नीट जमलं की बाकीच्या वस्तू एकेका दुपारीत होतात.

आधी माप

काय करायचं हे ठरवण्याआधी माप ठरवा. बाहुलीघरं करणाऱ्यांमध्ये एक फुटाला एक इंच हे माप रूढ आहे. त्या मापाने सहा फुटी दार सहा इंचांचं होतं आणि कुंडीत दुसरं काही मावत नाही. कुंडीसाठी एक फुटाला पाव इंच हे माप सोयीचं. पाव इंच म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर. मग दार दीड इंच उंच, कुंपण पाऊण ते एक इंच, पायवाट पाऊण इंच रुंद, विहिरीचा व्यास दीड इंच, शिडीच्या दोन पायऱ्यांत पाव इंच.

हेच माप का, तर आपल्याकडे सापडणाऱ्या वस्तू त्यात आपोआप बसतात. रस्त्याकडेच्या निलगिरीचं बोंड साधारण पाव इंचाचं असतं, म्हणजे फूटभर उंचीची बादली. लवंग दीड सेंटीमीटरची, म्हणजे टेबलाचा पाय. अर्धी करवंटी म्हणजे एका खोलीचं घर. वस्तू घडवायची कमी आणि ओळखायची जास्त, असं हे काम आहे.

पट्टी घेऊन बसायची गरज नाही. दीड इंचाची एक काडी कापून जवळ ठेवा. ही आपली दाराची उंची. हातात येणारी प्रत्येक वस्तू या काडीशेजारी धरून बघायची. दारापेक्षा उंच खुर्ची निघाली तर ती खुर्ची नाही, दुसरं काहीतरी आहे.

काय वेचायचं

फेब्रुवारी ते मे हा वेचणीचा काळ. शेंगा वाळून पडलेल्या असतात आणि पावसाने काही कुजलेलं नसतं. पिशवी घेऊन सकाळी फिरायला जा. जिवंत फांदी मोडायची नाही, खाली पडलेलंच घ्यायचं.

सगळ्यात कामाचं झाड म्हणजे बहावा. त्याची काळपट तपकिरी, दांड्यासारखी शेंग हातभर लांब असते. ती फोडली की आत एकामागोमाग एक पातळ लाकडी पडदे दिसतात, आणि दोन पडद्यांमधल्या खणात एक बी आणि काळा चिकट गर. हे पडदे म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढ्या गोल चकत्या. टेबलाचा पृष्ठभाग, अंगणातल्या फरशा, गाडीची चाकं, सगळं यातून होतं. शेंगेचे तुकडे रात्रभर पाण्यात टाका, गर सुटतो. मग जुन्या टूथब्रशने चकत्या घासा आणि दोन कागदांमध्ये वजनाखाली वाळवा, नाहीतर त्या वाकतात. आयुर्वेदात आरग्वध म्हणून सांगितलेला सारक गर तो हाच. मुलं मदतीला बसली असतील तर गराची बोटं तोंडात जाऊ देऊ नका.

दुसरं महोगनी. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला हे झाड बरंच लावलेलं आहे. त्याचं मुठीएवढं फळ वाळलं की पाच जाड लाकडी पाकळ्यांत फुटतं आणि आतून तपकिरी पंखांच्या बिया गिरक्या घेत खाली येतात. पंख हलका, पातळ आणि मजबूत. आपल्या घराची कौलं यातूनच करायची आहेत. लाकडी पाकळ्याही टाकू नका, एकेक पाकळी म्हणजे तयार होडी.

कोकणच्या किनाऱ्यावर गेलात तर सुरूच्या बनात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची खवल्याखवल्यांची फळं पडलेली असतात. फाटकाच्या खांबांवर बसवायला किंवा कुंडीतलं झुडूप म्हणून ती छान दिसतात. सागाचं फळ कागदी फुग्यात गुंडाळलेलं असतं, त्याचा आकाशकंदील होतो. गुलमोहराची शेंग उभी फाडली की ओढ्यावरचा पूल. चिंचोके पायवाटेतल्या दगडांसारखे दिसतात, पण ते आधी तव्यावर चांगले भाजून घ्या. कच्चे चिंचोके ओल्या मातीत रुजतात आणि महिन्याभरात पायवाटेतून चिंचेची रोपं वर येतात.

घरात शोधायच्या वस्तू वेगळ्या: खराट्याचे हीर, नारळाची सोडणं आणि त्यातला काथ्या, सुतळी, फुटकी पणती, कौलाचा तुकडा, आंब्याच्या पेटीच्या पातळ फळ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मसाल्याचा डबा उघडावा. लवंग, दालचिनी, चक्रीफूल, मसाला वेलदोडा, जायफळ. एवढ्यात अर्धी बाग उभी राहते. बांबू मात्र बुरडाकडून घ्या. पुण्याच्या बुरूड आळीत किंवा कुठल्याही गावच्या बाजारात टोपल्या विणणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, ते बहुधा सांगाल त्या जाडीचे मिळतात.

परदेशात असाल तर ओकच्या बोंडांच्या टोप्या ताटल्या-वाट्या म्हणून आणि पाइनच्या सुळक्यांचे खवले कौलं म्हणून वापरा. भारतातून बिया, साली, काड्या बॅगेत भरून न्यायचा मोह टाळा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारख्या देशांत अशा वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात, आणि न केल्यास दंड होतो.

काय उचलायचं नाही

अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही आणायचं नाही, पडलेली शेंगसुद्धा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेलात तर हात रिकामेच परत आणा. घाटातल्या कातळावरचं शेवाळही खरवडू नका. आपल्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर पावसाळ्यात हवं तेवढं मिळतं. समुद्रावरचे छोटे रिकामे शिंपले ठीक आहेत, पण अख्खा शंख उचलण्याआधी आत खेकडा राहायला आलेला नाही ना ते बघा. पोवळं तर मुळीच नको, त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे.

काही बिया दिसायला मोहक आणि अंगाला घातक असतात. लाल-काळी गुंज सजावटीला फार सुंदर दिसते, पण तिच्या आतलं विष जहाल आहे. भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज जिवावर बेतू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपण लहानपणी खेळलो असू, तरी त्यांची बीसुद्धा विषारीच. एरंड आणि धोत्र्याच्या बियांचंही तेच. ज्या घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर आहे, तिथे या चारही वस्तू सरळ वगळा. लाल ठिपका हवाच असेल तर जाड मसूर गेरूत बुडवून घ्या, काम भागतं.

वाळवण

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. ओल राहिलेल्या वस्तूला बुरशी धरते, गोंद सुटतो आणि रंग फुगतो. आठवडाभर कडक उन्हात पसरा, रोज उलटापालट करा, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या.

बियांना आणि बांबूला कीड असते. वस्तूखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली की समजायचं, आत भुंगा आहे. अशा वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पुन्हा ऊन दाखवा. ज्या बांबूला आधीच भोकं पडलीत तो टाकून द्या. तो घरात ठेवला तर दुसऱ्यालाही लागतो.

घर

1. नारळ सरळ फोडा. आपटून फोडला तर काठ वेडावाकडा येतो. नारळाच्या मध्यावर खडूने रेघ मारा, नारळ तळहातावर धरा आणि कोयत्याच्या बोथट पाठीने त्या रेघेवर बेताचे टोले देत नारळ फिरवत राहा. दोन-तीन वेढ्यांत आवाज बदलतो आणि रेघेवरच तडा जातो. खाली पातेलं ठेवा. ज्या अर्ध्याला तीन डोळे आहेत तो घरासाठी, दुसरा अर्धा पुढच्या घरासाठी.

2. खोबरं खवून घ्या आणि करवंटी दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. आत चिकटून राहिलेलं खोबरं आक्रसतं आणि चमच्याने निघून येतं. एकही कण राहू देऊ नका, मुंग्यांना तो पहिल्याच रात्री सापडतो.

3. बाहेरच्या शेंड्या सुरीने खरवडा. मग काचकागद: आधी 80 नंबरचा, मग 120, शेवटी 220. पण हे फक्त खालच्या निम्म्या भागात, म्हणजे भिंती दिसणार तिथेच. वर छप्पर येणार आहे, तिथे घासू नका. खरखरीत जागेवर गोंद चांगला धरतो, आणि हातही वाचतात.

4. काठ एका पातळीत आणण्यासाठी काचकागद फरशीवर पालथा नव्हे, उताणा ठेवा आणि करवंटी त्यावर गोल गोल घासा. घर डगमगायचं थांबलं की पुरे.

5. दार कापा. दीड इंच उंच, पाऊण इंच रुंद अशी खूण करा. हॅक्सॉ ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून काठापासून वर दोन उभे काप घ्या. वरच्या बाजूला छोट्या ड्रिलने जवळजवळ भोकांची ओळ पाडा आणि पक्कडीने तुकडा मोडून काढा. कडा कानशीने साफ करा. करवंटी निसटते, म्हणून ती वाळूच्या पिशवीवर किंवा ओल्या पोत्यावर दाबून धरा. करवंटीची धूळ घशाला त्रासदायक असते, तेव्हा हे काम गॅलरीत किंवा अंगणात, तोंडाला मास्क लावून करा. मुलांकडून हा एक टप्पा करून घेऊ नये.

6. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. तो दाभणाने सहज उघडतो. त्यात बांबूच्या बारीक फांदीचा पोकळ तुकडा बसवला की धुराडं. ते अगदी मध्यावर येत नाही, जरा कलतं. कलू द्या.

7. आता कौलं. महोगनीच्या पंखांपासून बी तोडून टाका आणि पंख इंचभर लांबीचे कापून घ्या. खऱ्या कौलांसारखंच खालच्या ओळीपासून सुरुवात करायची, पहिली ओळ भिंतीच्या जरा बाहेर येऊ द्यायची, म्हणजे वळचण तयार होते. दुसऱ्या ओळीचा प्रत्येक पंख खालच्या दोन पंखांमधली फट झाकेल असा आणि एक तृतीयांश त्यांच्यावर चढेल असा लावा. घुमटाचा आकार वर निमुळता होतो, म्हणून प्रत्येक ओळीत पंख कमी लागतात. शेवटच्या ओळीत त्यांना कात्रीने त्रिकोणी करा. एक ओळ वाळल्याशिवाय पुढची घेऊ नका, नाहीतर सगळं छप्पर हळूहळू खाली सरकतं. माथ्यावर राहिलेलं भोक काथ्याच्या दोरीच्या वेटोळ्याने झाका.

महोगनी मिळाली नाही तर सोडणातला काथ्या विंचरून, त्याच्या बोटभर लांबीच्या जुड्या बांधून त्याच क्रमाने लावा. गवताने शाकारलेलं घर दिसतं. खरं सांगायचं तर काही जणांना हेच जास्त आवडतं, पण पावसात काथ्या लवकर काळा पडतो.

8. दाराची फळी हिराचे तुकडे एकमेकांना चिकटवून करा. मागे दोन आडवे हीर लावले की ती फळी सरळ राहते. कडी म्हणून मोहरीचा दाणा पुरतो.

9. घर मातीवर टेकवायचं नाही, जोत्यावर बसवायचं. जांभ्याचा चपटा तुकडा, फुटकं कौल किंवा कडप्प्याची चकती घ्या. जांभा मऊ असतो, जुन्या ब्लेडने कापून आणि दगडावर घासून हवा तसा करता येतो. जोतं अर्धा इंच वर राहिलं की करवंटीच्या काठाला ओल लागत नाही. खऱ्या घराला जोतं ज्या कारणासाठी असतं, त्याच कारणासाठी.

विहीर

दीड इंच जाडीच्या बांबूचं एक पेरं दोन इंचांचं कापा. सव्वा इंच जमिनीत जाईल, पाऊण इंच कठडा म्हणून वर राहील. फुटक्या पणतीचे किंवा जांभ्याचे तुरीच्या डाळीएवढे तुकडे करा. जलरोधक गोंदात विटेची भुकटी कालवून दाट लगदा करा, तो कठड्याला बाहेरून लावा आणि त्यात हे तुकडे ओळीने दाबा. एका बैठकीत पूर्ण वेढा घालायला गेलात तर खालचे तुकडे निसटतात. अर्धा वेढा आज, अर्धा उद्या.

दोन्ही बाजूंना बेचक्याच्या दोन काड्या रोवा, बेचक्यांत एक हीर आडवा ठेवा. हा रहाट. दोर म्हणजे सुतळीचा एकच पदर, पीळ उलगडून काढलेला. बादलीसाठी निलगिरीचं रिकामं बोंड घ्या. ते दगडासारखं टणक असतं, साध्या सुईने भोक पडत नाही. दाभण पक्कडीत धरून तापवा आणि काठाजवळ समोरासमोर दोन भोकं पाडा, त्यातून तांब्याच्या बारीक तारेची कडी ओवा. ही बादली रहाटाला टांगली की बघणारा पहिल्यांदा तिच्याकडेच बघतो. विहिरीत खरं पाणी भरायच्या फंदात पडू नका, डासांची सोय होते. आतून काळा रंग दिला की ती खोल वाटते.

अंगणातलं सामान

टेबल: बहाव्याची चकती आणि मधोमध एक लवंग, फूल वरच्या बाजूला. लवंगेच्या फुलाची चार टोकं चकतीला आधार देतात, त्यामुळे वेगळं काही लावावं लागत नाही. खालचं टोक अर्धा सेंटीमीटर जमिनीत जाईल एवढं उरत नसेल तर लवंगेऐवजी त्याच जाडीची काडी घ्या. टेबलाशेजारी बसायला सुरूच्या फळाचे आडवे काप.

कुंपण हे सगळ्यात सोपं. दोन इंचांचे हीर, इंचभर वर आणि इंचभर मातीत, दोन ठिकाणी दोऱ्याने विणून घ्यायचे. चटई विणतात तसं टेबलावर लांबलचक विणून ठेवा आणि लागेल तेवढं तोडून लावा. वेळ असेल तर एका बाजूला कुंपणाऐवजी जांभ्याच्या खड्यांचा गडगा रचा. गोंद नको, फक्त सर्वांत खालचा थर मातीत दाबा.

शिडी, फाटक आणि तुळशीवृंदावन मी फारसं सांगत नाही. पहिल्या दोन वस्तू हिराच्याच. वृंदावन शाडूचं करून गेरूचा हात द्या, मात्र ते न भाजलेलं असेल तर पहिल्याच सरीत विरघळेल.

आकाशकंदिलासाठी सागाच्या फळावरचा कागदी फुगा फाटू न देता देठाशी तार गुंडाळा आणि वाकवलेल्या काडीला टांगा. आपल्या मापात तो चार फुटी होतो. दिवाळीत चालतं.

गोंद कोणता

पांढरा साधा फेविकॉल कुंडीत टिकत नाही, पाणी लागलं की पुन्हा मऊ होतो. फेविकॉल मरीन किंवा तशाच जलरोधक प्रकारचा गोंद घ्या. ग्लू गनने काम झटपट होतं, पण तो गोंद उष्णतेने मऊ होतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेल्या बागेत त्यावर भिस्त ठेवू नका. फेविक्विक टणक बियांना ठीक, काथ्याला आणि मऊ लाकडाला तो शोषला जातो आणि पांढरट डाग पडतो. सावंतवाडीच्या गंजिफांचे कारागीर चिंचोक्याची खळ वापरत आले आहेत. घरात मांडायच्या वस्तूंना तीही चालते, बागेतल्या ओलीत नाही.

खरी भरवशाची गोष्ट म्हणजे खुंटी. ज्या वस्तू जमिनीत उभ्या राहायच्या आहेत त्यांच्या तळाला छोटं भोक पाडून टूथपिकचा तुकडा बसवा. वस्तू मातीला टेकत नाही, वाऱ्याने पडत नाही आणि हवी तेव्हा उपटून घेता येते. बागेतली प्रत्येक वस्तू अशी सुटी असायला हवी. मातीत कायमचं रुतवलेलं काहीही टिकत नाही.

तेल की वार्निश

भिंतींना जवसाचं तेल द्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळतं, ते स्वयंपाकाच्या तेलापेक्षा लवकर सुकतं. चिंधीने पातळ हात, दहा-पंधरा मिनिटांनी वरचं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. करवंटीचा तपकिरी रंग असा काही उजळतो की वार्निश नकोसं वाटतं. एक खबरदारी मात्र घ्याच: या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या बाहेर उन्हावाऱ्यात सपाट पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

छपराला आणि विहिरीच्या रहाटाला बाहेरच्या वापराचं मॅट वार्निश दोन हात. चकचकीत वार्निश नको, त्याने महोगनीचा पंख प्लॅस्टिकचा दिसायला लागतो. कोकणात लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल देण्याची पद्धत आहे, पण ते कातडी भाजतं, तेव्हा नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मांडणी

कुंडी 14 ते 16 इंच व्यासाची, पाच इंच खोल, तळाला भोकं असलेली. आंब्याची पेटीही चालते, आत पोत्याचं अस्तर द्या. भिजल्यावर एवढ्या कुंडीचं वजन वीस किलोंच्या घरात जातं, म्हणून ती जिथे कायम राहणार तिथेच भरायला घ्या. तळाला खापरांचे तुकडे, वर दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड वाळू. मागची बाजू उंच, पुढची उतरती ठेवा. सपाट कुंडीत मागची घरं दिसत नाहीत आणि पाणी जोत्याशी साचतं.

झाडं आधी, वस्तू नंतर. रोपं मुळं धरेपर्यंत दोन आठवडे थांबा. पान जितकं बारीक तितकं माप खरं वाटतं. टर्टल वाइन कुठल्याही नर्सरीत मिळते, झपाट्याने पसरते आणि वरून हिरवळीसारखी दिसते. दर पंधरवड्याला कात्री लावली नाही तर मात्र घर गिळते. झाड म्हणून जेडची एक फांदी, खालची पानं काढून टाकलेली. जेडला कोरडं लागतं आणि ब्राह्मीला ओलं, म्हणून त्या दोघांना एका कुंडीत घालू नका. भिंतीवर चढवायला फायकस प्युमिला. शेत हवं असेल तर आळीव पेरा. चार दिवसांत हिरवं होतं, दोन आठवड्यांत पिवळं. मग उपटून पुन्हा पेरायचं.

घर बरोबर मध्यभागी ठेवू नका. मागच्या एका कोपऱ्याकडे सरकवा, दार जरा तिरकं करा, आणि पायवाट सरळ न नेता विहिरीला वळसा घालून आणा. वाट वळली की कुंडी मोठी वाटते. एका घराला एक विहीर, एक टेबल, थोडं कुंपण, बस्स. केलेल्या सगळ्या वस्तू एकदम मांडायचा मोह होतोच. त्यातल्या निम्म्या डब्यात ठेवा आणि महिन्याने अदलाबदल करा.

पावसाळ्यात

जूनच्या पहिल्या वळवाआधी घर, टेबल, कंदील, रहाट उपटून घ्या. कुंपण आणि विहिरीचा कठडा राहिला तरी चालतो. हीर एका पावसाळ्यात खराब होतात, पण ते पुन्हा करायला अर्धा तास लागतो. आत घेतलेल्या वस्तू ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस पंख्याखाली वाळवा, मग वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, सोबत कडुनिंबाची वाळलेली पानं घालून ठेवा. प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात आतली ओल कोंडते.

कुंडी मात्र पावसात बाहेरच राहू द्या. गडग्याच्या जांभ्यावर शेवाळ धरायला तेवढाच वेळ मिळतो, आणि ते आणून लावलेल्या शेवाळापेक्षा चांगलं टिकतं. घटस्थापनेच्या सुमारास ऊन पडलं की टर्टल वाइन जमिनीलगत छाटा, माती वरवर हलवा, छपराची सैल झालेली कौलं बदला आणि जोतं पातळीत आहे ना ते पाहून घर परत बसवा.